पेशीवरील मार्का

पोत्यावरील मार्का पाहून भाव बोलणाऱ्या आपल्या व्यापारी वर्गास कर्करोगाच्या शास्त्रातील एक गोष्ट समजावून देणे अवघड जाऊ नये. शरीरातील प्रत्येक पेशीच्या बाह्य आवरणावर नाना प्रकारची प्रथिने असतात व त्यांवरून पेशीची जात ओळखता येते. पोत्यावरील मार्का मात्र निर्जीव असतो; यांतील कित्येक प्रथिने बाहेरचा निरोप आत पोचविण्याचे कामही करतात. अशाच 'हर-टू' नावाच्या प्रथिनाविषयी आम्ही येथे लिहीत आहो. स्तनाच्या कर्करोगात औषधाची निवड पुष्कळदा त्यावरच ठरते, आणि घरच्या मंडळींच्या कानी हे नाव बहुधा निदानाच्या धावपळीतच प्रथम पडते.

हर-टूचे काम पेशीस वाढीचा हुकूम देण्याचे. ते घडविणारे जनुक सतराव्या गुणसूत्रावर असून निरोगी पेशीत त्याच्या दोन प्रती असतात. काही कर्कपेशींत या प्रती अनेक पटींनी वाढतात. मग पृष्ठभागावर जेथे काही हजार हर-टू असावयाची, तेथे लाखोंची दाटी होते. ती एकमेकांस बिलगून कोणाच्याही सांगण्यावाचून वाढीचा हुकूम सोडीत राहतात. १९८७ साली अमेरिकेतील डॉ. डेनिस स्लॅमन व त्यांच्या सहकाऱ्यांनी स्तनाच्या १८९ गाठी तपासून दाखवून दिले की, जेथे हे जनुक वाढलेले असते तेथे रोग लवकर उलटतो. दर १०० रुग्णांत अशा सुमारे १५ ते २० आढळतात.

परंतु शत्रूची खूण उघड्यावर असली तर नेमही धरता येतो. हर-टूलाच जाऊन चिकटणारे ट्रास्टुझुमॅब हे प्रतिपिंड तयार झाले व १९९८ साली अमेरिकेत त्यास मान्यता मिळाली. रोग लवकर सापडल्यास ते केमोथेरपीच्या जोडीने सुरू करून एकंदर वर्षभर देतात. हृदयाच्या स्नायूवर त्याचा परिणाम होऊ शकतो, म्हणून आधी व मधून मधून हृदयाची तपासणी करवून घ्यावी लागते. आरंभी त्याची किंमत ऐकून खात्यापित्या पेढीवाल्यासही घाम फुटे. बंगळूरच्या बायोकॉन कंपनीने तयार केलेल्या सदृश औषधास २०१३ साली आपल्या देशात मान्यता मिळाली, पुढे आणखी उत्पादक आले आणि भाव उतरला.

हा सारा खर्च सार्थकी लागावयाचा तो एका तपासणीच्या भरवशावर. गाठीचा तुकडा रंगवून त्यास ०, १+, २+ किंवा ३+ असा दर्जा देतात. ३+ म्हणजे हर-टू भरपूर. २+ हा संशयाचा दर्जा. तेथे जनुकाच्या प्रती मोजणारी 'फिश' तपासणी करवून घ्यावी, पैसे वाचविण्यासाठी ती टाळू नये. पूर्वी ० व १+ यांस सरसकट 'निगेटिव्ह' म्हणून सोडून देत. २०२२ पासून हर-टू थोडे असलेल्या, पसरलेल्या रोगावरही प्रतिपिंडास केमोथेरपीचे द्रव्य जोडून केलेले एक औषध मान्य झाले आहे. म्हणून अहवालावर आकडा लिहिलेला आहे की नाही, हे अवश्य पाहावे.

मालाचा नमुनाच बिघडला तर पारख्याने काय करावे? काढलेला तुकडा तासाभराच्या आत फॉर्मलिनमध्ये पडला पाहिजे, आणि त्यात किमान ६ व अधिकात अधिक ७२ तास राहिला पाहिजे. शस्त्रक्रिया लहान गावी व प्रयोगशाळा शहरात, अशी स्थिती असेल तेव्हा ही चौकशी डॉक्टरांपाशी संकोच न धरता करावी. तुकडा ज्या मेणाच्या ठोकळ्यात बसवितात तो 'ब्लॉक' कोठे ठेवला आहे, हे अहवालाच्या कागदांबरोबर टिपून ठेवावे; दुसऱ्या डॉक्टरांचे मत घेताना तो लागतो. काही वर्षांनी रोग उलटलाच, तर शक्य तेथे नव्या गाठीचा तुकडा पुन्हा तपासतात, कारण मधल्या काळात हा मार्का कधी कधी बदललेला असतो.