बॅरिटोन युकुलेले : तारा किती असाव्यात?

चार तारांच्या युकुलेलेवर हात बसला, गाण्याला साथ करता येऊ लागली, की वादकाच्या मनात हळूहळू एक उणीव डोकावू लागते. वाद्य गोड आहे, घरातील लहानथोरांना झेपणारे आहे. पण आवाज अंमळ पातळ वाटतो. मग बॅरिटोन युकुलेलेकडे, म्हणजे या कुळातील थोरल्या, खर्जाच्या वाद्याकडे दृष्टी वळते. तेथेही पाच, सहा व आठ तारांचे प्रकार समोर मांडलेले दिसले म्हणजे चारांपेक्षा सहा बऱ्या आणि सहांपेक्षा आठ त्याहून बऱ्या, असा सरळ हिशेब केला जातो. हा हिशेब चुकीचा आहे. तो करून घेतलेले वाद्य थोड्याच दिवसांत भिंतीवर जाते, आणि दोष मात्र वादक आपल्या बोटांना देत बसतो.

युकुलेलेच्या घराण्यात जादा तारा ही काही आजची टूम नव्हे. ऑगस्ट १८७९ मध्ये ‘रेव्हन्सक्रॅग’ नावाचे जहाज मदेरा बेटावरील पोर्तुगीज मजुरांना घेऊन हवाईतील होनोलुलू बंदराला लागले. त्या प्रवाशांत मानुएल नुनेस, ऑगुस्तो दियास आणि जोझे दो एस्पिरितो सान्तो असे तीन सुतारकाम जाणणारे कारागीर होते. मदेराचे ‘माशेते’ हे चार तारांचे चिमुकले वाद्य आणि ‘राजाओ’ हे पाच तारांचे जरा मोठे वाद्य, या दोहोंच्या मिलाफातून त्यांनी हवाईच्या भूमीवर जे घडविले तेच युकुलेले. आकार बव्हंशी माशेतेचा आणि तारांचा स्वरमेळ राजाओकडचा. राजा कालाकौआने या नवख्या वाद्याला राजाश्रय दिला, आणि त्याचे परकेपण लवकरच नाहीसे झाले. राजाओला तेथील लोक ‘टारो पॅच’ म्हणू लागले. टारो म्हणजे आपले अळू. तेव्हा अळूच्या खाचरातले वाद्य असे हे मोठे घरगुती नाव! पुढे हेच नाव चार जोड्यांत आठ तारा असलेल्या युकुलेलेला चिकटले. आजची आठ तारांची वाद्ये याच वाद्याची वंशज होत.

बॅरिटोन मात्र फार नंतरचे. त्याचा जन्म १९४० नंतरच्या दशकात, तोही हवाईत नव्हे तर अमेरिकेच्या पूर्व किनाऱ्यावर झाला. त्याच्या जनकत्वाबद्दल न्यूयॉर्कचे फाव्हिला घराणे आणि बोस्टनची व्हेगा कंपनी अशी दोन नावे पुढे केली जातात. व्हेगाच्या वाद्याशी आर्थर गॉडफ्री या लोकप्रिय रेडिओ-कलावंताचे नाव जोडलेले आहे. धाकट्या युकुलेलेच्या तारा जी, सी, ई, ए अशा लागतात व त्यातील चौथी तार उलट वरच्या स्वराची असते. बॅरिटोनच्या तारा डी, जी, बी, ई अशा, खालून वर क्रमाने चढत जातात. हा मेळ म्हणजे गिटारच्या वरच्या चार ताराच होत. दांडीवरील पट्टीपासून घोडीपर्यंतची मोकळ्या तारेची लांबी साधारण पन्नास सेंटिमीटर, गिटारची पासष्ट. म्हणजे बॅरिटोन हे मुळातच अर्ध्या वाटेवर उभे असलेले वाद्य आहे. निवड करताना जो घोटाळा होतो त्याचे मूळ येथेच आहे.

जादा तारांचा हेतू दोन प्रकारचा असू शकतो. एक, आहे त्याच स्वराला सोबत देऊन आवाज भरीव करणे. दुसरा, नवे खर्जाचे स्वर मिळवून वाद्याचा पल्ला वाढविणे. पहिल्या प्रकारात तारा सहा असोत वा आठ, बोटांना त्या चारच असतात. कारण दोन तारा अगदी लगत बसविलेल्या असून एकाच बोटाने एकत्र दाबल्या जातात. दुसऱ्या प्रकारात सहा तारा सुट्या असतात आणि डाव्या हाताला नवी विद्या शिकावी लागते. दुकानदार दोहोंनाही ‘सहा तारांचे बॅरिटोन’ असेच म्हणतो. वस्तुतः ही दोन वेगळी वाद्ये आहेत, आणि नावावर विसंबून दुरून मागविणाऱ्याच्या हाती नको ते पडण्याचा संभव मोठा.

जोडतारांची गोडी कोठून येते हे तंबोरा ऐकणाऱ्याला निराळे सांगावयास नको. तंबोऱ्याच्या मधल्या दोन तारा, म्हणजे जोडी, एकाच षड्जावर मिळविलेल्या असतात. तरी त्यांचा नाद एका तारेच्या दुप्पट नसून निराळाच, जिवंत असतो. दोन तारा कितीही काळजीपूर्वक मिळविल्या तरी त्यांत केसभर अंतर उरते. एक तार सेकंदाला ३३० वेळा व दुसरी ३३१ वेळा कंप पावली, तर त्या दोहोंचा मिळून होणारा नाद सेकंदातून एकदा फुगतो व ओसरतो. हा मंद डोल कानाला सुखावतो. पण अंतर वाढून तोच डोल सेकंदाला पाच-सहा वेळा होऊ लागला, की वाद्य बेसूर म्हणून बाजूला ठेवावे लागते. जोडतारांच्या वाद्याचे सुख आणि दुःख असे एकाच गोष्टीत आहे.

सहा तारा चार घरांत बसविण्याची हवाईतील रूढ पद्धत ‘लिलिऊ’ या नावाने ओळखल्या जाणाऱ्या टेनर युकुलेलेत दिसते. तीत पहिली आणि तिसरी तार जोडीची असते. हीच रचना बॅरिटोनवर आणली म्हणजे ई च्या दोन तारा एकाच स्वरात, आणि जी च्या दोन तारा एका सप्तकाच्या अंतराने लागतात. बी आणि डी एकेकट्या राहतात. आठ तारांच्या वाद्यात चारही जोड्या असतात व बहुधा डी आणि जी यांच्या जोड्या सप्तकाच्या अंतराच्या, तर बी आणि ई यांच्या एकस्वरी. वरच्या तारांना सप्तकाची सोबत का नाही, असा प्रश्न साहजिक आहे. त्याचे उत्तर गणितात सापडते. तारेवर पडणारा भार तिची लांबी आणि कंपसंख्या यांच्या गुणाकाराबरोबर वाढतो, व तोही वर्गाच्या प्रमाणात. वरचा जी ३९२ कंपनांचा; पन्नास-एक्कावन्न सेंटिमीटर लांबीवर त्याच्या तारेला सोसावा लागणारा भार गिटारच्या सर्वांत वरच्या तारेपेक्षा थोडा कमीच भरतो. पण बी चे वरचे सप्तक म्हणजे ४९४ कंपने. तेथे तोच भार गिटारच्या त्या तारेच्या सव्वापटीहून पुष्कळ वर जातो. म्हणून शहाणा कारागीर त्या वाटेला जात नाही. बारा तारांच्या गिटारमध्येही वरच्या दोन जोड्या एकस्वरीच ठेवलेल्या असतात.

बॅरिटोनवर सप्तकाच्या जोडीचा आणखी एक गुण प्रत्ययास येतो. धाकट्या युकुलेलेची उलटी चौथी तार ही त्याच्या खोडकर, खळाळत्या आवाजाची किल्ली आहे, आणि बॅरिटोनमध्ये नेमकी तीच हरवलेली असते. खर्जाच्या डी ला वरच्या डी ची सोबत दिली की तो खळाळ बराचसा परत येतो, आणि खर्जही जात नाही. पाच तारांचे बॅरिटोन बहुधा एवढीच एक जोड पदरात टाकते. या पाच तारांच्या वाद्याकडे फारसे कोणी लक्ष देत नाही; परंतु गाण्याच्या साथीपुरते पाहिले तर कमीत कमी उपद्रवात सर्वाधिक लाभ देणारे हेच म्हणावे लागेल. मात्र काही ठिकाणी पाचवी तार म्हणून खर्जाचा सुटा ए दिलेला असतो. ते वाद्य दुसऱ्या जातीचे, हे विसरू नये.

आता या भरीवपणाची किंमत. बॅरिटोनची एक नायलॉनची तार साधारण चार ते सहा किलोंचा ओढ देते. चार तारा मिळून वीस किलोंच्या आसपास. आठ तारा झाल्या की हा ओढ चाळिशीकडे जातो. जोडीच्या तारा बारीक घेऊन तो कमी करता येतो, परंतु नाहीसा करता येत नाही. तो सोसण्यासाठी तबली जाड करावी लागते, नाहीतर तिच्या आतील आधाराच्या पट्ट्या भक्कम कराव्या लागतात. तबली जितकी जड, तितकी ती हलक्या बोटाला कमी ओ देते. म्हणूनच आठ तारांचे वाद्य छेडले की घर भरून टाकते, पण एकेका बोटाने हळुवार वाजवू गेल्यास काहीसे बधिर भासते. बाळाला निजविताना किंवा रात्री शेजाऱ्यांची झोप न मोडता वाजविणाऱ्याच्या हातून जी नाजूक गोष्ट साधते, ती येथे बहुतांशी गमावली जाते. शिवाय बोटाने तार खेचताना जोडीतील एकच तार नखाला लागते व दुसरी मुकी राहते. ज्याची साथ मुख्यतः झणत्काराची आहे त्याला याचे काही वाटणार नाही. बोटांनी सूर वेचणाऱ्याने मात्र आठ तारांच्या मोहात पडू नये.

सुट्या सहा तारांच्या वाद्याची गोष्ट निराळी. गिटारचाच ई, ए, डी, जी, बी, ई हा मेळ एक्कावन्न सेंटिमीटरांवर गिटारच्याच तारांनी लावला, तर ताण गिटारच्या सुमारे ६२ टक्के राहतो. तारा लुळ्या पडतात, जोराने छेडल्यास पडद्यांवर आपटतात. बरे, पेटीही लहान. खालच्या ई च्या ८२ कंपनांना तिच्यातील हवेचा पाठिंबा मिळत नाही, आणि कानाला मूळ स्वराऐवजी त्याचे वरचे उपस्वरच अधिक ऐकू येतात. यावर उपाय म्हणून कित्येक जण सारा मेळ एका चतुर्थाने, म्हणजे षड्जापासून मध्यमाइतका, वर चढवितात. तसे केल्यास ताण गिटारच्या बरोबरीचा, किंबहुना किंचित अधिकच होतो व वाद्य स्वच्छ बोलते. पण मग वरच्या चार तारा जी, सी, ई, ए अशा येतात, आणि ज्या खर्जासाठी बॅरिटोन घ्यावयाचे तो बराचसा हातचा जातो. गिटार येणाऱ्याला प्रवासात नेण्यास हे वाद्य सोयीचे खरे. युकुलेलेवर रमलेल्या माणसाला ते ना धड गिटार, ना धड युकुलेले असे वाटल्यास नवल नाही.

वाद्य प्रत्यक्ष हाती घेतल्यावर काय पाहावे? प्रत्येक जोडीतील तारा निरनिराळ्या छेडून, बाराव्या पडद्यावर दाबून ऐकाव्यात. सप्तकाच्या जोडीत एक तार जाड व एक बारीक असते. ताण आणि जात सारखी ठेवायची तर बारीक तार जाडीला अर्धी भरते. सारख्या दाबाने जाड तार अधिक चढते. घोडीवरील हाडाची पट्टी त्या हिशेबाने घासलेली नसेल, तर मोकळ्या तारा सुरेल आणि वरच्या पडद्यांवर भांडण, असा प्रकार होतो. यावर खुंट्या पिळून इलाज होत नाही. खुंट्या दातेरी चाकांच्या असाव्यात; नुसत्या घर्षणावर टिकणाऱ्या आठ खुंट्या म्हणजे शिक्षाच. आठ चाकांच्या वजनाने वाद्याचे डोके खाली झुकते काय, हे मांडीवर घेऊन डावा हात सोडून पाहावे. जोडीतील बारीक तार अंगठ्याच्या बाजूस आहे की पलीकडे, इकडेही लक्ष असावे. वरून खाली हात मारताना जी तार आधी लागते तिचाच रंग आवाजाला चढतो. आणि या विशिष्ट तारांचा संच पुन्हा कोठे मिळणार, हे दाम मोजण्यापूर्वीच विचारून घ्यावे. वरच्या जी ची तार इतरांच्या आधी तुटली, तर नवल वाटण्याचे कारण नाही.

निर्णय होतच नसेल, तर जोडतारांचे वाद्य निवडण्यात एक सोय आहे. जादा तारा उतरवून ते महिनाभर चार तारांवर वाजवून पाहता येते. खाचा थोड्या एका बाजूला असल्याने तार किंचित सरकल्यासारखी वाटेल, तबलीही जराशी मंद बोलेल, पण काम निभावते. उलट, चार तारांसाठी घडविलेल्या बॅरिटोनला घोडीत नवी भोके पाडून आणि डोक्यावर जादा खुंट्या ठोकून तारा चढविण्याचा उद्योग कोणी करू नये. त्याची तबली त्या ओझ्यासाठी घडविलेली नसते. काही दिवसांनी घोडीमागे ती फुगू लागते, आणि मग घोडीच उखडून हातात येते.