चार पायांचा जमाखर्च (भाग ७) : कुत्र्याचा विमा, पण कधीपर्यंत?

गेल्या दोन भागांत लसी, जंताचे औषध, गोचिडांवरचे थेंब आणि रोजचे खाणे अशा नित्याच्या खर्चाचा हिशेब मांडला. हा खर्च आधीच माहीत असतो, त्यामुळे तो फारसा भेडसावत नाही. भेडसावतो तो न सांगता येणारा खर्च, आणि तिथेच विम्याचा विषय निघतो. विम्याबद्दल विचारणारे बहुतेक जण एकच प्रश्न विचारतात : भरलेले पैसे वसूल होतील का? सरासरीने बोलायचे तर होणार नाहीत. हप्त्यातून कंपनीचा कारभार चालतो, मध्यस्थाचे कमिशन निघते, नफा निघतो आणि वर जीएसटी असतो तो वेगळाच. माणसांच्या वैयक्तिक आरोग्य विम्यावरचा जीएसटी २२ सप्टेंबर २०२५ पासून उठला. पण ती सवलत माणसांपुरतीच आहे. तेव्हा वसुलीच्या हिशेबाने विम्याकडे पाहणाऱ्याने तो काढू नये, वाद संपला. मात्र हिशेबाची ती रीतच अपुरी आहे. आजारपणात किती पैसे लागतील याइतकेच ते कोणत्या महिन्यात लागतील यालाही महत्त्व असते. माझे म्हणणे या दुसऱ्या प्रश्नावर उभे आहे. आज भारतात मिळणारा कुत्र्याचा विमा बचतीची जागा घेऊ शकत नाही. बचत उभी राहीपर्यंतची ती एक सोय आहे. असे मानून काढला तर तो उपयोगी पडतो, आयुष्यभराचा आधार समजून काढला तर पदरी निराशा येते.

पहिला घोटाळा नावातच होतो. ‘कुत्र्याचा विमा’ या एकाच नावाखाली आपल्याकडे दोन अगदी निराळ्या वस्तू विकल्या जातात. सार्वजनिक क्षेत्रातल्या विमा कंपन्यांकडे कुत्र्यांच्या पॉलिसी फार पूर्वीपासून आहेत, आणि त्यांची घडण गाई-म्हशींच्या विम्यासारखी आहे. ज्याने गावाकडे दुभत्या जनावराचा विमा पाहिला आहे त्याला ती लगेच ओळखू येईल. जनावराची बाजारभावाने किंमत ठरवायची, कानात बिल्ला मारायचा, आणि ते अपघाताने किंवा रोगाने मेले तर ठरलेली रक्कम द्यायची. बिल्ला नाही तर भरपाई नाही, हा तिथला पहिला नियम. शेतकऱ्याच्या दृष्टीने यात काहीच चूक नाही. म्हैस गेली म्हणजे उत्पन्नाचे साधन गेले, आणि मिळालेल्या पैशांत दुसरी म्हैस येते. घरात पाळलेल्या कुत्र्याचे तसे नाही. तो मेल्यावर हातात आलेल्या रकमेने कोणते नुकसान भरून निघणार? घर पैशाच्या अडचणीत येते ते कुत्रा मेल्यावर नव्हे, त्याला वाचवताना. शिवाय किमतीवर बेतलेल्या पॉलिसीत वंशावळीचा कागद असलेला लॅब्रॅडॉर मोलाचा ठरतो आणि रस्त्यावरून उचलून आणलेला गावठी कुत्रा जवळपास बिनमोलाचा, मग घरात त्याचे लाड कितीही होत असोत. म्हणून मृत्यूच्या भरपाईचा भाग ऐच्छिक असेल तर तो सरळ नाकारावा. प्रदर्शनात उतरवण्यासाठी किंवा पैदाशीसाठी कुत्री बाळगणाऱ्यांची गोष्ट वेगळी.

दुसरी वस्तू म्हणजे उपचारांचा विमा, आणि तो आपल्याकडे नवा आहे. पुण्यात मुख्यालय असलेल्या बजाज अलियान्झने २०२० मध्ये शस्त्रक्रिया आणि रुग्णालयातल्या उपचारांचा खर्च देणारी पॉलिसी आणली, आणि पुढच्या काही वर्षांत इतर खासगी कंपन्याही या क्षेत्रात उतरल्या. हा विमा इतक्या उशिरा का आला, याचे कारण विमा कंपन्यांपेक्षा दवाखान्यांत सापडते. पशुवैद्यकाचे शिक्षण मुंबईला नवे नाही. परळचे महाविद्यालय १८८६ चे आहे आणि त्याच आवारातले बाई साकरबाई रुग्णालयही एकोणिसाव्या शतकातले. पण कुत्र्याचा सीटी स्कॅन काढणे, मोडलेल्या मांडीत प्लेट बसवणे, त्याला चार दिवस अतिदक्षता विभागात ठेवणे या गोष्टी घरगुती कुत्र्याच्या वाट्याला अलीकडेच येऊ लागल्या. महालक्ष्मीला टाटा ट्रस्टचे पाच मजली प्राणी रुग्णालय सुरू झाले ते २०२४ मध्ये. उपचारच नव्हते तेव्हा बिलही नव्हते. डॉक्टर मान हलवत आणि विषय तिथेच थांबे. आता उपाय आहे, तो दहा-दहा हजारांच्या पटीत महाग आहे, आणि ‘करायचे का?’ हा प्रश्न घरच्यांनाच सोडवावा लागतो. विम्याची गरज उपचारांच्या पाठोपाठ आली आहे. त्यामुळे ती मुंबई-पुण्यात जितकी खरी आहे तितकी अशी सोय जवळपास नसलेल्या तालुक्याच्या गावी नाही. जो उपचार तुम्ही करून घेणारच नाही, किंवा जो पन्नास कोसांत मिळतच नाही, त्याचा विमा काढून काय मिळवाल?

तरीही विम्याआधी एक वजाबाकी करायला हवी. काही धोक्यांचा विमा काढण्यापेक्षा ते धोकेच काढून टाकणे स्वस्त पडते. याचा उत्तम पुरावा विमा कंपन्यांच्याच दप्तरातून आला आहे. स्वीडनमध्ये निरोगी कुत्रीची नसबंदी करण्याची प्रथा पूर्वी फारशी नव्हती आणि विमा मात्र बहुसंख्य कुत्र्यांचा होता. त्यामुळे तिथल्या विमा नोंदींवरून संशोधकांना रोगांचे प्रमाण चांगले मोजता आले. नसबंदी न झालेल्या माद्यांपैकी जवळपास एक चतुर्थांश माद्यांना वयाच्या दहा वर्षांच्या आत गर्भाशयात पू होण्याचा विकार, म्हणजे पायोमेट्रा, होतो असे त्या नोंदींतून दिसले. जातीजातींत फरकही मोठा होता. हा विकार जिवावर बेततो आणि त्यावर बहुधा तातडीची शस्त्रक्रिया करावी लागते. वेळीच नसबंदी केली तर हा धोका जवळपास उरतच नाही, आणि नसबंदीचा खर्च त्या तातडीच्या शस्त्रक्रियेच्या मानाने किरकोळ असतो. पार्व्हो आणि डिस्टेंपर लसीने टळतात. पावसाळ्यात साचलेल्या पाण्यातून येणाऱ्या लेप्टोचीही लस आहे. गोचीडताप आपल्या हवेत बारमाही असतो, पण महिन्याच्या महिन्याला औषध दिले तर त्याचा धोका पुष्कळ कमी होतो. पॉलिसीही इथे मदतीला येत नाही : ज्या रोगाची लस आहे तो लस न दिल्यामुळे झाला तर कंपन्या पैसे देत नाहीत. ही वजाबाकी झाल्यावर विम्यासाठी जे उरते ते खऱ्या अर्थाने अनपेक्षित असते. वाहनाची धडक, गॅलरीतून पडणे, गिळलेला मोजा आतड्यात अडकणे, मोठ्या छातीच्या कुत्र्याच्या पोटाला पडलेला पीळ, आणि पुढे गाठी, मूत्रपिंड, हृदय.

या उरलेल्या धोक्यांसाठी विमा घ्यावा की पैसे बाजूला टाकावेत? बचतीची बाजू घेणारे एक पक्का हिशेब मांडतात. सोयीसाठी दरमहा पाचशे रुपये धरू. वर्षाला सहा हजार, दहा वर्षांत साठ हजार आणि वर व्याज. कुत्रा धडधाकट राहिला तर पैसे आपलेच, कंपनीच्या खिशात काही गेले नाही. हिशेबात चूक नाही, फक्त तो दहाव्या वर्षाच्या टोकावर उभा राहून केलेला आहे. कुत्र्याने तो मोजा दुसऱ्या वर्षी गिळला तर बाजूला बारा हजारही साचलेले नसतात, आणि पोट उघडण्याची शस्त्रक्रिया पुढच्या आठ वर्षांच्या हप्त्यांची वाट पाहत नाही. पिल्लू आणि तरुण कुत्रा यांना अपघातांचा धोका अधिक, आणि नेमक्या त्याच काळात गंगाजळी रोडावलेली. सहा हजारांचा हप्ता भरून पन्नास हजारांचे संरक्षण मिळत असेल, तर त्या पहिल्या तीन-चार वर्षांत विमा जे काम करतो ते बचतीला जमणारे नसते. ज्याच्याकडे कोणत्याही महिन्यात लाखभर रुपये सहज निघतील त्याला हा मुद्दा लागू नाही. त्याने विमा काढूच नये. पण असे घर आणि महिनाअखेरीस ओढाताण होणारे घर यांना एकच सल्ला देण्याची जी रीत पडली आहे, ती मला मान्य नाही.

आता उतारवयाकडे वळू, कारण खरी मेख तिथेच आहे. खर्चिक आणि रेंगाळणारे आजार बहुधा सातव्या-आठव्या वर्षानंतर येतात. कंपन्यांना हे आपल्यापेक्षा चांगले ठाऊक असते, म्हणून नव्या कुत्र्याला पॉलिसी देण्याच्या आणि जुनी पुढे चालू ठेवण्याच्या वयाला मर्यादा असतात. ग्रेट डेनसारख्या अवाढव्य, अल्पायुषी जातींना त्या आणखी लवकर लागतात. आधीपासून असलेले आजार वगळलेले असतात, आणि लॅब्रॅडॉर किंवा जर्मन शेफर्डचा खुब्याचा दोष जन्मजात म्हणून अनेकदा बाहेर राहतो. माणसांच्या विम्याची सवय असलेल्यांची इथे फसगत होते. माणसांच्या आरोग्य विम्यात नियामकाने ग्राहकाला बरेच संरक्षण दिले आहे. आधीच्या आजारासाठीचा प्रतीक्षाकाळ २०२४ पासून तीन वर्षांपेक्षा जास्त ठेवता येत नाही, आणि साठ महिने सलग हप्ते भरल्यावर फसवणूक सिद्ध केल्याशिवाय माहिती लपवल्याचे कारण देऊन दावा नाकारता येत नाही. कायद्याच्या नजरेत कुत्रा मालमत्ता आहे. त्याच्या पॉलिसीला ही कवचे आपोआप मिळत नाहीत. नूतनीकरणाचा भरवसा मुरलेल्या बाजारपेठेतही नसतो. अमेरिकेत पाळीव प्राण्यांचा विमा १९८२ मध्ये सुरू झाला, आणि तो सुरू करणारा व्यवसाय पुढे ज्या नेशनवाइड कंपनीकडे आला तिनेच २०२४ मध्ये उपचारांच्या वाढत्या खर्चाकडे बोट दाखवून सुमारे एक लाख पॉलिसींचे नूतनीकरण न करण्याचे जाहीर केले. इतकी वर्षे हप्ते भरून म्हाताऱ्या झालेल्या कुत्र्याला दुसरी कंपनी दारात उभी करील का? म्हणजे उतारवयासाठी बचत लागणारच, विमा असो वा नसो. म्हणून हप्ता सुरू करतानाच, रक्कम लहान का असेना, वेगळे आवर्ती खातेही सुरू करावे. खात्यातली शिल्लक पॉलिसीतल्या शस्त्रक्रियेच्या मर्यादेला भिडली की हप्ता थांबवायला हरकत नाही.

यावर स्वीडनचे उदाहरण तोंडावर फेकले जाते. तिथे कुत्र्याचा विमा १९२४ पासून आहे आणि बहुतेक लोक तो काढतात, मग आपण का मागे? कारण तिथल्या विम्याच्या पाठीशी शंभर वर्षांच्या नोंदी आहेत. कोणत्या जातीला कोणत्या वयात काय होते हे माहीत असल्यामुळे तिथल्या कंपन्यांना म्हाताऱ्या कुत्र्याचा धोकाही तोलून घेता येतो. आपल्याकडे किती कुत्र्यांना काय झाले याची नोंदच कुठे राहत नाही, मग कंपनी अंदाजाने हप्ता लावते आणि भीतीने अटी घालते. दहा-पंधरा वर्षांनी चित्र पालटेल. तेव्हा माझे मतही पालटायला हरकत नसेल.

याउलट एक देशी आक्षेप आहे आणि तो जास्त वजनदार आहे. सरकारी दवाखाना, पशुवैद्यकीय महाविद्यालयाचे चिकित्सालय, धर्मादाय रुग्णालय हे सारे असताना विमा कशाला? परळ, नागपूर, परभणी, उदगीर, शिरवळ इथल्या महाविद्यालयांत चांगले शल्यचिकित्सक असतात आणि दर खासगीच्या मानाने पुष्कळ कमी. जो तिथेच जाणार आहे आणि रांगेत थांबायची ज्याची तयारी आहे, त्याच्यासाठी ती जवळीकच विम्याचे काम करते, हे मी मान्य करतो. मात्र पीळ पडलेल्या पोटाला काही तासांचीच मुदत असते, आणि रात्री दोन वाजता उघडे असते ते बहुधा खासगी रुग्णालयच. तेव्हा आपण खरोखर कुठे धावणार याचे प्रामाणिक उत्तर आधी शोधावे.

‘दावे नाकारतातच’ ही तक्रारही ऐकू येते. ती निराधार नाही, पण तिचे निम्मे मूळ आपल्या सवयीत आहे. कुत्र्याचे उपचार आपल्याकडे अनेकदा रोखीत आणि तोंडी होतात. डॉक्टर इंजेक्शन देतात, चिठ्ठीवर औषध लिहितात, निदान कुठेच नसते. या पॉलिसींत बहुधा आधी पैसे आपण भरायचे आणि मग कंपनीकडे मागायचे, त्यामुळे निदान, तारीख, सही-शिक्का असलेले कागद नसतील तर मागायचे कशाच्या बळावर? लसीकरणाचे पुस्तक भरलेले हवे. कानातल्या बिल्ल्याची जागा इथे कातडीखालच्या पंधरा आकडी मायक्रोचिपने घेतली आहे. आजारी पडलेला कुत्रा तोच आहे हे सिद्ध करायला तिच्यासारखा साक्षीदार नाही. पॉलिसी वाचताना जाहिरातीतली एकूण विमा रक्कम बाजूला ठेवून एका शस्त्रक्रियेची मर्यादा, आपल्या खिशातून जाणारा हिस्सा आणि पहिल्या दिवसांचा प्रतीक्षाकाळ एवढे तीन आकडे आधी शोधावेत. ती मर्यादा आपण सहज उचलू शकू इतकीच असेल, तर कंपनी आपल्याच खर्चाचा विमा आपल्याला विकत असते.

एक कलम मात्र बचतीने कधीच भरून निघत नाही : कुत्र्याने दुसऱ्याला चावले तर द्यावी लागणारी नुकसानभरपाई. आपल्या उपचारांचा खर्च कुठे थांबवायचा हे आपण ठरवतो, समोरच्याच्या जखमेचे बिल आपल्या हातात नसते. जनावराबाबत निष्काळजीपणा केल्यास भारतीय न्याय संहितेच्या कलम २९१ खाली सहा महिन्यांपर्यंत कैद किंवा पाच हजारांपर्यंत दंड, किंवा दोन्ही होऊ शकतात. ती शिक्षा विमा भोगणार नाही; पण दिवाणी भरपाईचा भार त्रयस्थ-दायित्वाच्या कलमाखाली कंपनीवर टाकता येतो. सोसायटीत रॉटवायलर पाळणाऱ्याने उपचारांचा भाग वगळून केवळ एवढ्यासाठी पॉलिसी घेतली, तरी मी त्याला शहाणा म्हणेन.

राहता राहिले ते रस्त्यावरून किंवा आश्रयगृहातून आणलेले मोठे कुत्रे, ज्यांचे वयच माहीत नसते. नव्या पॉलिसींपैकी काहींत गावठी आणि संकरित कुत्री बसतात, पण वयाची अट सर्वांनाच असते. तेव्हा घरी आणल्याच्या पहिल्याच आठवड्यात पशुवैद्यकाकडून दात पाहून वयाचा दाखला लेखी घ्यावा आणि रक्ततपासणी करून घ्यावी. दाखल्यावर सात-आठ वर्षे लिहून आली तर विम्याची चौकशी करण्यात वेळ घालवू नये, आवर्ती खाते उघडावे. अशा उतरत्या वयातल्या कुत्र्याच्या तपासण्या, त्यांतल्या आवश्यक कोणत्या आणि नुसत्या बिल वाढवणाऱ्या कोणत्या, हे पुढच्या आठवड्यात पाहू.