दिवाडी बेट

मांडवी नदीच्या पात्रात वसलेले दिवाडी हे गोमंतकातील एक रमणीय बेट होय. जुन्या गोव्याहून होडीने तेथे जाता येते. भोवती खाजणाची हिरवी शेते, मध्ये टेकडी व तिच्या माथ्यावर पिएदादचे शुभ्र ख्रिस्तमंदिर. परंतु या बेटावर पूर्वी सप्तकोटेश्वराचे देवालय होते. सोळाव्या शतकात पोर्तुगीजांनी ते पाडिले. भक्तांनी लिंग नदीपार नार्वे गावी नेले, व १६६८ साली शिवाजी महाराजांनी तेथील देवालयाचा जीर्णोद्धार करविला. अंबरनाथचे १०६० सालचे शिवालय शेजारी अद्याप उभे असलेले पाहणाऱ्या आम्हां चिखलोलीकरांस वाटते की, दिवाडीच्या प्रवाशाने टेकडी चढावी, तशीच नदीही ओलांडावी. दोन्ही स्थळे पाहिल्यावाचून त्या बेटाचा इतिहास पुरता कळत नाही.