गटकार्याचा हिशेब : आधी स्वतःचा, मग सोबत्याचा

बुलढाणा जिल्ह्यातील एखाद्या शाळेत चार विद्यार्थ्यांच्या गटाला लोणार सरोवरावर प्रकल्प करावयाचा आहे, असे समजू. एकाने माहिती जमविली, दुसरीने नकाशा काढला, तिसऱ्याने लेखन केले. चौथ्याचे केवळ नाव मुखपृष्ठावर आले. गुण मात्र चौघांना सारखेच. कष्ट करणाऱ्याच्या मनात खंत उरते आणि काम चुकविणाऱ्याला फुकटच्या यशाची सवय जडते.

यावरील उपाय नवा नाही. महाराष्ट्रात २०१० पासून अमलात आलेल्या सातत्यपूर्ण सर्वंकष मूल्यमापनाच्या साधनांत गटकार्यासोबत स्वयंमूल्यमापन व सहाध्यायी मूल्यमापन यांचाही समावेश आहे. २०२० च्या राष्ट्रीय शैक्षणिक धोरणानेही प्रगतिपत्रकात त्यांना शिक्षकांच्या मूल्यमापनाच्या जोडीने स्थान दिले.

हिशेबाची रीत सोपी आहे. प्रत्येकाने उरलेल्या तिघांत ३० गुण वाटावेत. म्हणजे प्रत्येकाच्या वाट्याला सरासरी ३० येतात. गटाला ५० पैकी ४० गुण मिळाले असतील, तर ३६ मिळविणाऱ्याचे ४८ होतात आणि २१ मिळविणाऱ्याचे २८.

परंतु केवळ आकड्यांवर विसंबणे धोक्याचे. मैत्रीपोटी गुण वाढतात, रुसव्यापोटी घटतात. म्हणून निकष आधी ठरवावेत : वेळेवर येणे, पत्करलेले काम पूर्ण करणे, इतरांचे ऐकून घेणे. प्रत्येक गुणामागे कारण लिहावे, ते गुप्त राहावे आणि अंतिम निर्णय शिक्षकांचा असावा. कदाचित चौथ्या मुलाला त्या आठवड्यात कापूस वेचणीसाठी शेतावर जावे लागले असेल. ही गोष्ट सोबत्यांच्या आकड्यांत उमटत नाही. ती सांगण्याची जागा म्हणजे त्याचे स्वयंमूल्यमापन. प्रत्येकाला सत्याची एकच बाजू दिसते, ही अनेकान्ताची शिकवण येथे उपयोगी पडते.

म्हणूनच क्रम महत्त्वाचा : आधी स्वतःचा कागद, मग सोबत्याचा. आपल्या षडावश्यकांतील प्रतिक्रमणात साधक स्वतःचे दोष पाहतो, शेजाऱ्याचे नव्हे. मुलांनीही प्रथम ‘माझ्याकडून काय राहिले?’ हे लिहावे. त्यानंतर सोबत्याविषयी लिहिताना लेखणी आपोआप जपून चालते; दोष कृतीचा दाखविला जातो, व्यक्तीचा नव्हे.

पालकांनीही ‘किती गुण मिळाले?’ या प्रश्नाआधी ‘तुझा वाटा कोणता होता?’ असे विचारावे. या प्रश्नाचे प्रामाणिक उत्तर देण्याची सवय मुलांना पुढे संसारात, व्यापारात आणि समाजकार्यातही उपयोगी पडेल.