घरच्या संगणकावर कंटेनरांचा ताफा

आमच्या मराठी विभागातील विद्यार्थी गेली तीन वर्षे सत्तरीतल्या आजीबाईंकडून जात्यावरच्या ओव्या उतरवून घेत आहेत. ओव्यांत शोध घेता यावा म्हणून एका माजी विद्यार्थ्याने छोटे संकेतस्थळ बांधून दिले. गेल्या जुलैत त्याची नवी आवृत्ती चढवली आणि त्यातले सगळे पाठभेद नाहीसे झाले. ओव्या वह्यांत होत्या; पाठभेद मात्र आम्ही थेट संगणकावर टंकले होते. ते सांगणाऱ्या एक आजी तोवर निवर्तल्या होत्या. नेमके काय घडले हे कळावे म्हणून दिवाळीच्या सुट्टीत मी घरच्या लॅपटॉपवर कुबरनेटिस बसवले.

आधी कंटेनर. एखादा प्रोग्राम चालायला अनेक पूरक फायली लागतात, त्याही ठरावीक आवृत्तीच्या. हे सारे एकत्र बांधून त्याचा जो साचा करतात त्याला इमेज म्हणतात. त्या साच्यातून प्रत्यक्ष चालू केलेली पेटी म्हणजे कंटेनर. २०१३ साली आलेल्या डॉकरने ही पद्धत रूढ केली. पेट्या वाढल्या की त्यांच्यावर देखरेख हवी. ते काम कुबरनेटिसचे. गूगलने ते २०१४ मध्ये जाहीर केले. मूळ ग्रीक शब्दाचा अर्थ सुकाणू धरणारा. आपल्याकडचा तांडेलच म्हणा ना!

खऱ्या क्लस्टरमध्ये अनेक संगणक असतात. शिकण्यापुरता एकच पुरतो, आणि त्यासाठी मिनिक्यूब आहे. त्याला दोन प्रोसेसर, २ जीबी मोकळी मेमरी, २० जीबी जागा आणि इंटरनेट लागते. विंडोजवर आधी डॉकर डेस्कटॉप बसवले. संगणकाच्या मूळ सेटिंगमध्ये व्हर्च्युअलायझेशन बंद होते, ते सुरू करीपर्यंत एक संध्याकाळ गेली. मग मिनिक्यूब सुरू करण्याची एका ओळीची आज्ञा दिली.

यानंतर कुबरनेटिसला आपण काय हवे ते एका फाइलीत लिहून द्यायचे: या इमेजच्या तीन प्रती सतत चालू राहाव्यात. फाइलीत ओळींची आत-बाहेर मांडणी स्पेस देऊनच करावी लागते, टॅब चालत नाही. अनुस्वार राहिला तरी वाचक आपल्याला सांभाळून घेतो; इथे तशी दयामाया नाही.

प्रत्येक प्रत एका पॉडमध्ये चालते. मी मुद्दाम एक पॉड पुसला. काही क्षणांत दुसरा उभा राहिला. मग एकच प्रत ठेवून तिच्यात एक ओवी आणि तिचा पाठभेद नोंदवला, आणि तो पॉड पुसला. नवा आला तो कोरा! जुलैत हेच झाले होते. चालत्या कंटेनरच्या आत लिहिलेले त्या कंटेनरबरोबरच जाते; नवा कंटेनर पुन्हा मूळ इमेजमधूनच निघतो. जपायचा मजकूर त्याच्या बाहेर, पर्सिस्टंट व्हॉल्यूम नावाच्या वेगळ्या जागेत ठेवावा लागतो, आणि ती जागा त्याच फाइलीत मागून घ्यावी लागते. तशी मागितल्यावर पॉड पुन्हा पुसला. ओवी जागेवर होती.

एवढ्याने मात्र निर्धास्त होऊ नये. मिनिक्यूबचा क्लस्टरच पुसला तर ही जागाही त्याच्याबरोबर जाते. म्हणून दर शनिवारी सारा मजकूर साध्या फाइलीत काढून पेनड्राइव्हवर ठेवतो.

येत्या मे महिन्यात विद्यार्थी पुन्हा सत्तरीत जाणार आहेत. या खेपेला पाठभेदांचा रकाना वहीतच आखून दिला आहे.