आवाज सारखा, टोन वेगळा: दोष स्पीकरचा की जागेचा?

दिवाळीत पाचोऱ्याला मामांकडे गेलो, तर नवीन होम थिएटरबद्दल तक्रार होती. पुढचे तिन्ही स्पीकर एकाच मॉडेलचे, तरी मधल्यातून संवाद घुमल्यासारखे येत होते. "पीस खराब आहे, नवा घेऊ," मामा म्हणाले. खरं सांगतो, मीही 'हो' म्हणणार होतो.

आधी 'टोन' म्हणजे काय ते बघू. तंबोरा आणि हार्मोनियम एकाच स्वरात, सारख्याच जोराने वाजले तरी ओळखू येतात, कारण मूळ स्वरासोबतच्या उपस्वरांचं प्रमाण वेगळं असतं. तंबोऱ्याच्या घोडीवर तारेखालचा दोरा थोडा सरकवला की स्वर तोच राहतो, पण जवारी बदलते. हाच टोन, म्हणजे टिंबर.

स्पीकरचंही तसंच. डेसिबल मीटर एकच आकडा देतो, टोन मात्र २० ते २०,००० हर्ट्झपर्यंतच्या अख्ख्या आलेखात असतो. त्यामुळे आकडे जुळले तरी आलेख जुळतीलच असं नाही.

मग आम्ही काय केलं?

१. तिन्ही स्पीकरवर आळीपाळीने पिंक नॉईज लावून पातळी सारखी केली. ही पायरी टाळू नका. जरा मोठा आवाज कानाला उगाच 'चांगला' वाटतो.

२. डावा आणि मधला स्पीकर यांची अदलाबदल केली. बाकी काहीही बदललं नाही.

३. कोणता स्पीकर कुठे आहे हे मामांना न सांगता ऐकवलं.

घुमणं मधेच राहिलं! म्हणजे स्पीकर निर्दोष होता. तो टीव्ही युनिटच्या कप्प्यात आत ढकललेला होता, आणि कप्प्याच्या भिंती खालच्या फ्रिक्वेन्सी फुगवत होत्या. कडेपर्यंत पुढे ओढला, आवाज बराच मोकळा झाला. खर्च शून्य.

मागच्या स्पीकरबाबत एक सावधगिरी बाळगा. मागून येणारा आवाज आपलं डोकं आणि कानाची पाळी वेगळ्या तऱ्हेने गाळतात. म्हणून तोच स्पीकर मागे ठेवला तर टोन थोडा बदललेला वाटणारच. तो दोष समजू नका.

आता तुमच्या कामाचं. लॅबमध्ये एखादं सॅम्पल विचित्र रीडिंग देतं, तेव्हा आपण लगेच सॅम्पलला दोष देतो. त्याआधी जागा बदलून बघा. चूक सॅम्पलसोबत गेली तर सॅम्पलची, जागेवरच राहिली तर उपकरणाची. थोडी इकडे, थोडी तिकडे दिसली तर दोन्हींचा परिणाम मिसळलाय, आणि एका अदलाबदलीवर निष्कर्ष काढायचा नाही. शेवटी सगळं मूळ जागी ठेवून पुन्हा मोजा; पहिलं रीडिंग परत आलं तरच वहीत लिहा.