नवल की नजरचूक?

वर्गाचे गुण मांडून झाले की सगळ्यांत चमकदार आकड्यापाशी बोट थांबते. सारे पन्नास-साठच्या घरात आणि मध्येच एक ९१! अशा वेळी शहाणा मास्तर पेढे मागत नाही. उत्तरपत्रिका पुन्हा काढतो. पुष्कळदा तेथे १९ निघतात.

शास्त्रज्ञांच्या दप्तरातही हेच घडते. लिबियातील अल अझिझिया येथे १३ सप्टेंबर १९२२ रोजी ५८ अंश सेल्सिअस तापमानाची नोंद झाली. जगातील सर्वाधिक उष्णतेचा हा मान त्या गावाने नव्वद वर्षे मिरवला. २०१२ साली जागतिक हवामान संघटनेने तो काढून घेतला. निरीक्षक बहुधा नवखा होता. तापमापकातील दर्शककाडीचे भलतेच टोक वाचल्याने सुमारे सात अंश वाढले असावेत. आसपासच्या ठाण्यांशीही त्या आकड्याचा मेळ बसत नव्हता. आपल्या नागपुरातही ३० मे २०२४ रोजी एका स्वयंचलित केंद्राने ५६ अंश दाखवले. शहर हबकले, पण बिघाड यंत्रात होता, असे हवामान खात्याने स्पष्ट केले.

असे का व्हावे? निसर्गाला मर्यादा असते, चुकीला नसते. समजा, दहा हजार नोंदींत खरोखरीचा अचाट आकडा एकदाच येतो, आणि हजारात एक नोंद चुकून तशीच अचाट होते. मग अकरा नवलांपैकी दहा चुकाच! चूक एरवीही होते; पण ती साध्या आकड्यांच्या गर्दीत लपते. अचाट झाली की आपणच तिला पालखीत बसवतो.

म्हणून काय प्रत्येक नवल केराच्या टोपलीत टाकावे? मुळीच नाही. हवेतून मिळवलेला नायट्रोजन रासायनिक रीतीने केलेल्या नायट्रोजनपेक्षा सुमारे अर्धा टक्का जड भरतो, हे लॉर्ड रॅले यांना दिसले. त्यांनी पुनःपुन्हा वजने केली; फरक हटेना. त्या फरकाच्या पोटातून १८९४ साली आर्गॉन वायू सापडला आणि १९०४ साली नोबेल पारितोषिक आले.

चूक दुसऱ्या तपासणीत विरघळते, सत्य टिकून राहते. तेव्हा वाचकहो, नवलाला दारातून हाकलू नये. पण पाटावर बसवण्यापूर्वी नाव-गाव तरी विचारावे!